युद्धाबद्दल मत जरूर द्या, पण सैनिकाच्या नावाने देऊ नका

सुभेदार_कोरेगावकर (धागाकर्ता)

मी भूदलाच्या पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून सध्या सातारा जिल्ह्यात शेती पाहतो. नोकरीची पहिलीच वर्षे चालू असताना १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेतल्या जाफन्याला जाण्याचा हुकूम आला आणि पुढची बरीचशी नोकरी जम्मू-काश्मीरात व ईशान्येकडे झाली. निवृत्तीनंतर लग्नकार्यात, एसटीत, पारावर आणि हल्ली व्हॉट्सॲपवर युद्धाविषयी जे बोलले जाते, ते मी ऐकत आणि वाचत आलो आहे. त्याबद्दल एकदा सविस्तर लिहावे, असे मे २०२५ पासून मनात आहे.

२२ एप्रिलला पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. लोकांना संताप येणे स्वाभाविकच होते. तो मलाही आला होता. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि १० मे रोजी संध्याकाळी पाच वाजता गोळीबार थांबवण्यात आला. त्या चार दिवसांत आमच्या गावच्या ग्रुपवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या फिरत होत्या. त्या वृत्तवाहिन्यांनीही दाखवल्या आणि त्या खोट्या निघाल्या. लढाई थांबल्याचे जाहीर होताच तीच माणसे चिडली. ‘एकदाचा निकाल लावायला हवा होता’ असे लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही घरचे कोणी तेव्हा सीमेवरच्या पूंछमध्ये नव्हते. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी केवळ सरकारचा निर्णय जाहीर केला, तर त्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना इतक्या शिव्या देण्यात आल्या की त्यांना आपले समाजमाध्यमावरील खाते कुलूपबंद करावे लागले.

सामान्य माणसाने युद्धाबद्दल बोलूच नये, असे मी म्हणत नाही. युद्ध करायचे की नाही हे सैन्य ठरवत नाही, सरकार ठरवते, आणि सरकार तुम्ही निवडून देता. वर्दीतल्या माणसाला राजकीय मत जाहीरपणे मांडण्यास नियमाने मनाई आहे. त्यामुळे प्रश्न विचारण्याचे काम तुमच्यावरच येते. माझी तक्रार वेगळी आहे. लोक स्वतःचे मत सैनिकाच्या तोंडी घालतात. नोटाबंदीच्या वेळी बँकेपुढच्या रांगेत एखाद्या म्हाताऱ्याने कुरकुर केली, की ‘तिकडे सियाचिनला जवान उभा आहे, तुम्हाला दोन तास उभे राहवत नाही का?’ असे त्याला सुनावले जात होते. सियाचिनला उभ्या असलेल्या जवानाचाच बाप त्या रांगेत असतो, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नव्हते. शेतकऱ्याने भाव मागितला, विद्यार्थ्याने वसतिगृह मागितले, की मध्ये जवानाला आणून उभे केले जाते. युद्ध हवे असणारा ‘जवानांचे हात मोकळे सोडा’ म्हणतो, युद्ध नको असणारा ‘बिचारी गरिबाघरची पोरे’ म्हणतो, आणि दोघांनीही आम्हाला विचारलेले नसते.

तेव्हा माझा प्रश्न असा, की युद्धाबद्दलचे आपले मत तुम्ही कशावरून बनवता? आणि एखादा माजी सैनिक भेटला तर त्याला काय विचारता? मला आजवर सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न ‘तुम्ही किती मारले?’ हा आहे. त्याचे उत्तर मी कोणालाही दिलेले नाही.

नळस्टॉप

सुभेदारसाहेब, नमस्कार. प्रामाणिकपणे सांगायचे तर माझे मत टीव्ही आणि मोबाइल यांवरूनच बनते. माझ्या नात्यात किंवा इमारतीत सैन्यातले कोणीच नाही. पुण्यात दक्षिण कमांडचे मुख्यालय आहे, एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, खडकीला दारूगोळा कारखाना आहे. तरीही एखाद्या जवानाशी मी पाच मिनिटे बसून बोललो आहे, असे कधी घडलेले नाही. माझ्यासारखे बहुसंख्य असतील, असे वाटते.

वायुपुत्र_ओझर

मी हवाई दलातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ आहे. सुभेदारसाहेबांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. लोकांचा आवेश आपण इतका तुच्छ मानू नये. १९६२ मध्ये माझ्या आईने राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी हातातल्या बांगड्या काढून दिल्या होत्या. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडायला सांगितले, तेव्हा आमच्या घरी चूल खरोखर पेटत नसे. कारगिलच्या वेळी शाळेतल्या मुलांनी पाठवलेल्या पत्रांची आणि राख्यांची पोती आमच्या तळांवर येत होती. ती पत्रे आम्ही वाचायचो आणि रात्रपाळीला पुन्हा उभे राहायचो. देश पाठीशी आहे हे कळल्याने माणूस जास्त काम करतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. लोक चुकीचे बोलत असतील, पण ते आपले आहेत आणि प्रेमापोटी बोलत आहेत.

सुभेदार_कोरेगावकर

वायुपुत्रजी, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार. बांगड्या देणारी बाई स्वतःचे काही देते, त्यामुळे तिच्याबद्दल माझी तक्रार असूच शकत नाही. सोमवारी उपाशी राहणाऱ्या घराबद्दलही नाही.

परंतु १९६२ चाच विचार पुढे नेऊ. त्या वर्षी चिन्यांना हाकलून लावा, ही मागणी संसदेत आणि वृत्तपत्रांत जोरात होती. ज्या ब्रिगेडला ईशान्य सीमेवर नामका चू नदीकाठी पाठवले गेले, तिच्या जवानांकडे थंडीचे पुरेसे कपडे नव्हते, दारूगोळा तुटपुंजा होता आणि मागून रसद येण्याचा रस्ता नव्हता. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला आणि काही तासांत ती ब्रिगेड संपली. सरकारचे आणि वरिष्ठांचे अपराध त्यात होतेच, पण लोकमताचाही वाटा होता. याउलट १९७१ मध्ये एप्रिलपासूनच पूर्व पाकिस्तानात सैन्य घुसवा, अशी मागणी होत होती. पावसाळ्यात बंगालच्या नद्या ओलांडता येणार नाहीत आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बंद झाल्याशिवाय चीनकडे पाठ करता येणार नाही, हा हिशेब मांडून सात-आठ महिने तयारी झाली. डिसेंबरमध्ये तेरा दिवसांत युद्ध संपले आणि ९३,००० जण शरण आले. त्या मधल्या महिन्यांत सरकारला भित्रे म्हणणारे पुष्कळ होते. आवेशाला मान देऊन एप्रिलमध्येच घुसलो असतो, तर काय झाले असते याचा विचार आपण दोघेही करू शकतो.

गडहिंग्लजची_सून

मी इथे सहसा फक्त वाचते, पण हा धागा पाहून लिहावेसे वाटले. माझे यजमान सध्या सेवेत आहेत. आमच्या भागात, म्हणजे गडहिंग्लज, चंदगड, आजरा या पट्ट्यात, प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी फौजेत असतोच. त्यामुळे आमच्याकडे युद्धाबद्दलचे बोलणे शहरातल्यापेक्षा पुष्कळ कमी असते.

मे महिन्यातल्या त्या चार दिवसांत त्यांचा फोन लागत नव्हता. तो लागणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे मी मुलांना जेवायला घालून, टीव्ही बंद करून, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा पाळत बसले होते. रात्री नऊच्या सुमारास शेजारची मंडळी घरी आली आणि आम्हाला टीव्ही लावायला सांगू लागली, कारण ‘आता मोठे काहीतरी होणार’ होते. त्यांना माझी काळजी होती हे खरे आहे, पण त्यांच्या चेहऱ्यावर क्रिकेटचा अंतिम सामना पाहायला जमल्यासारखा उत्साहही होता. सासूबाई काही न बोलता उठल्या आणि देवघरात जाऊन बसल्या. माझ्या धाकट्याने विचारले, की बाबा त्या आगीत आहेत का? पडद्यावर जी आग दिसत होती ती कुठली होती, हे मला ठाऊक नव्हते. पुढे कळले की वाहिन्यांवरची बरीच दृश्ये जुनी किंवा दुसरीकडचीच होती.

सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. मला कोणी ‘तुझा नवरा हिरो आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘दवाखान्यात सोबत येऊ का?’ असे विचारलेले हवे असते. लष्करी दवाखाना असो की मुलांच्या शाळेचा दाखला, सगळे एकटीनेच करायचे असते.

धावपटू_बीड

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आईला वाचून दाखवला.

मी एकवीस वर्षांचा आहे आणि अग्निवीर भरतीची तयारी करत आहे. आमच्या तालुक्याच्या मैदानावर पहाटे साडेचारला पन्नास-साठ मुले तरी असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढले तर साठ गुण, दहा पुलअप्सना चाळीस गुण, शिवाय नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग तोल. आता आधी ऑनलाइन परीक्षा असते, ती उत्तीर्ण झाल्यावरच मैदान मिळते. आम्ही हे सर्व का करतो याबद्दल लोकांची दोनच मते मला ऐकायला मिळतात. एक म्हणजे देशभक्ती आणि दुसरे म्हणजे बेकारी. भाषण करायला येणारे पुढारी पहिले सांगतात, आमचे शहरातले नातेवाईक दुसरे सांगतात. मला दोन्ही कारणे आहेत. वडिलांची अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे आणि मला पगाराची नोकरी हवी आहे. त्याचबरोबर तो गणवेश मला लहानपणापासून हवा आहे. ही दोन कारणे एकाच माणसाच्या मनात एकत्र राहू शकत नाहीत, असे लोकांना का वाटते?

सुभेदारसाहेबांना विचारायचे आहे, की तुम्ही भरती झालात तेव्हा तुमचे कारण काय होते? आणि चार वर्षांच्या नोकरीबद्दल आपले मत काय आहे?

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत विमानतळावर सैनिकांना आधी विमानात बसवतात आणि अनोळखी माणसेही त्यांचे आभार मानतात. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या वाट्याला मात्र हे आले नव्हते. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली आणि तेव्हापासून सैन्यात जाणारी कुटुंबे आणि न जाणारी कुटुंबे असे दोन वेगळे समाज तयार झाले आहेत, असे मी इथे पंचवीस वर्षे राहून पाहतो. आभार मानणे सोपे झाले आहे, कारण आपल्या मुलाला जावे लागत नाही. त्यामुळे माझे मत असे आहे, की भारताने दोन वर्षांची सक्तीची सैनिकी सेवा सुरू करावी. प्रत्येक घरातला मुलगा जाऊ लागला, की युद्धाबद्दलची बडबड आपोआप थांबेल.

सुभेदार_कोरेगावकर

बीडच्या चिरंजीवांना आधी उत्तर देतो. माझे कारण तुमच्यासारखेच होते. घरी चार भाऊ आणि जमीन थोडी, आणि गावात वर्दीला मान. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंग्याला पहिल्या महायुद्धाचा एक स्मृतिस्तंभ आहे. त्या एका गावातून ८७ जण त्या युद्धात गेले आणि ४६ जण परत आले नाहीत. ते इंग्रजांच्या राज्यात, परक्या राजासाठी, फ्रान्स आणि मेसोपोटेमियासारख्या मुलखात लढायला का गेले असतील? पगार, घराण्याची चाल, पलटणीची अब्रू, शेजारचा गेला म्हणून आपणही, अशी अनेक कारणे असणार. लढाईच्या तोंडावर तर ही सर्व कारणे मागे पडतात आणि उजवीकडचा व डावीकडचा माणूस तेवढा उरतो. आपला सोबती मागे राहू नये, यासाठी माणूस पुढे जातो. हे मी जाफन्यात पाहिले आहे. त्यामुळे तुम्ही पगारासाठी आलात याची लाज बाळगू नका, आणि कोणी बाळगायला सांगितली तर ऐकूही नका.

चार वर्षांबद्दलचे माझे मत स्पष्ट आहे. चारातला एक जण कायम होणार आणि तिघे घरी येणार, हे गणित जून २०२२ मध्ये जाहीर झाले तेव्हापासून मला पटलेले नाही. घरी येणाऱ्याला सुमारे पावणेबारा लाख रुपये सेवानिधी मिळेल, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पलटण ही चार वर्षांत अंगात मुरत नाही. शिवाय ज्याला शेवटच्या वर्षी आपल्याच सोबत्यापेक्षा जास्त गुण मिळवायचे आहेत, तो त्या सोबत्याकडे कसा पाहील, ही काळजी मला वाटते. सैन्याचे सरासरी वय कमी व्हायला हवे, हा सरकारचा मुद्दा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. तरीही तुम्ही भरती व्हा. डोळे उघडे ठेवून व्हा, आणि चार वर्षांत शिक्षण सोडू नका.

न्यूजर्सीकर, सक्तीची सेवा आपल्याकडे शक्य नाही आणि मला ती नकोही आहे. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुले-मुली अठरा वर्षांची होतात आणि आपले भूदल सुमारे बारा लाखांचे आहे. एवढ्यांना शिकवणार कोण आणि कुठे? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रात्री गस्तीवर माझ्या मागे चालणारा माणूस मनाविरुद्ध आणलेला नको. तुमच्या निरीक्षणाचा पहिला भाग मात्र मला पटतो. आपल्याकडेही हीच दोन समाजांची फाळणी आहे.

इतिहासप्रेमी

सुभेदारसाहेबांनी जाफन्याचा उल्लेख केला म्हणून थोडी माहिती देतो, कारण तरुण वाचकांना हे युद्ध ठाऊकच नसते. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ बंडखोरांकडून शस्त्रे जमा करून घेण्यासाठी आपली शांतिसेना गेली आणि ऑक्टोबरमध्ये तिला त्याच बंडखोरांशी लढावे लागले. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकोणतीस मारले गेले आणि एक पकडला गेला. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांचा जन्म मुंबईचा. मार्च १९९० पर्यंत सुमारे बाराशे भारतीय सैनिक त्या बेटावर मरण पावले. शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. या सैनिकांचे स्मारक पुढे श्रीलंकेने कोलंबोजवळ उभारले.

म्हणजे आपण बोलतो आहोत ते लोकमत सैनिकावर केवळ प्रेमच करते असे नाही. राजकारण बदलले की ते त्याला विसरूही शकते.

वायुपुत्र_ओझर

इतिहासप्रेमी, हे वाचून वाईट वाटले. त्या वेळी मी नोकरीत होतो आणि आमच्या विमानांनी तिकडे माणसे व सामान पोहोचवले, तरी परतलेल्यांचे काय झाले याची चौकशी आमच्यापैकीही फार थोड्यांनी केली. सुभेदारसाहेब, जमले तर त्या परतीबद्दल लिहावे.

सुभेदार_कोरेगावकर

लिहितो. लढाईविषयी मात्र फार लिहिणार नाही.

आमच्या हातात एसएलआर ही जुनी रायफल होती आणि समोरच्याच्या हातात एके-४७. रस्त्याखालच्या मोऱ्यांमध्ये सुरुंग पेरलेले असत, म्हणून आम्ही रस्ता सोडून ताडाच्या बनातून चालायचो, तर तिथेही तारा बांधलेल्या असत. भाषा येत नव्हती. पाणी देणारी म्हातारी आमच्या बाजूची आहे की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रयत्न आम्ही करायचो. तिच्या जागी मी असतो तर मीही परक्या सैनिकाला पाणी देताना तसाच चेहरा ठेवला असता.

सुटीवर गावी आलो तेव्हा लोकांनी मला दोन प्रश्न विचारले. श्रीलंकेत कसले युद्ध चालले आहे, हा एक. आणि येताना टू-इन-वन (रेडिओ-टेपरेकॉर्डर) आणला का, हा दुसरा, कारण तिकडे परदेशी माल स्वस्त मिळतो असे सर्वांना ठाऊक होते. माझ्या सेक्शनमधले दोघे तेव्हा गेलेले होते. त्यांचे अंत्यसंस्कार तिकडेच झाले आणि घरी सामानाची पेटी व पत्र पोहोचले. कारगिलमध्ये पार्थिवे गावी आणण्यात आली आणि टीव्हीमुळे साऱ्या देशाने ती पाहिली, ५२७ जणांची नावे गावागावांत कोरली गेली. ते योग्यच झाले. आमच्या वेळी तसे नव्हते, म्हणून त्या दोघांच्या गावी मी स्वतः गेलो होतो. एकाच्या वडिलांनी मला विचारले, ‘आपण तिकडे कशासाठी गेलो होतो?’ आपल्या मुलाने शौर्य गाजवले का, हे त्यांनी विचारले नाही. त्यांचा प्रश्न थेट सरकारला विचारण्याचा होता आणि तो विचारायला त्यांच्यासमोर मी एकटाच होतो. त्या माणसाला शाळेचे तोंड माहीत नव्हते. युद्धाबद्दल याहून चांगला प्रश्न मी कोणाकडूनही ऐकलेला नाही.

मीनल_ठाणे

सुभेदारसाहेब, मनापासून आभार. एक अवघड विषय मांडते, कारण आपण प्रश्न विचारायला सांगितले आहे. काश्मीर किंवा मणिपूरमध्ये सैन्याकडून अन्याय झाल्याची तक्रार आली आणि त्यावर चौकशीची मागणी केली, की आमच्यासारख्यांना लगेच देशद्रोही ठरवले जाते. हे ठरवणारेही सैनिकाच्याच नावाने बोलतात. माजी सैनिक म्हणून आपल्याला अशा प्रश्नांनी अपमान वाटतो का?

वायुपुत्र_ओझर

मीनलताई, प्रश्न विचारायला हरकत नाही, पण प्रत्येक तक्रार खरीच आहे असे गृहीत धरले जाते, तेव्हा आम्हाला त्रास होतो. खोट्या तक्रारीही पुष्कळ असतात.

सुभेदार_कोरेगावकर

मीनलताई, मला अपमान वाटत नाही. काश्मीरमधल्या माछिलमध्ये २०१० साली तीन तरुणांना नोकरीचे आमिष दाखवून नेले गेले आणि अतिरेकी ठरवून मारले गेले. सैन्याच्याच कोर्ट मार्शलने त्यात आपल्याच जवानांना व अधिकाऱ्यांना दोषी धरून २०१४ मध्ये जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढे २०१७ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने ती स्थगित केली, त्यावर मतभेद असू शकतात. पण चौकशी झाली म्हणून सैन्य दुबळे झाले नाही. मी स्वतः घरझडतीला गेलेलो आहे. दारात उभ्या असलेल्या बाईशी कसे बोलायचे, घरातल्या कुठल्या वस्तूला हात लावायचा नाही, हे आमचे कंपनी कमांडर आम्हाला दर वेळी सांगत. एका तुकडीने केलेला अत्याचार त्या भागात नंतर येणाऱ्या प्रत्येक तुकडीच्या जिवावर येतो, म्हणून नियम पाळणाऱ्या सैनिकाला चौकशी हवीच असते. वायुपुत्रजींचे म्हणणेही खरे आहे. तक्रार खरी की खोटी, हे चौकशीनंतरच ठरते, टीव्हीवर नव्हे.

रखवालदार

मी हवालदार म्हणून सतरा वर्षे नोकरी करून छत्तिसाव्या वर्षी घरी आलो. सध्या एका गृहसंकुलात सुरक्षा पर्यवेक्षक आहे. लोकांना वाटते की सैनिक साठीला निवृत्त होतो. बहुतेक जवान पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान बाहेर पडतात, तेव्हा मुले प्राथमिक शाळेत असतात आणि घराचे कर्ज डोक्यावर असते. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे पदवी-समकक्ष प्रमाणपत्र मी ज्या खासगी कंपन्यांत नेले, तिथे ते कोणी धरले नाही. दहा-बारा जणांना बर्फात जिवंत ठेवून परत आणण्याचे जे काम मी करत होतो, त्याला अनुभवाच्या रकान्यात जागाच नव्हती.

संकुलात २६ जानेवारीला माझ्या हस्ते झेंडावंदन होते आणि त्याचा मला आनंद वाटतो. पण पाहुण्यांची नोंद केल्याशिवाय गाडी आत सोडली नाही म्हणून एका सदस्याने माझ्यावर हात उगारला होता, आणि त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर भारतीय सैन्याचे चिन्ह लावलेले होते. त्याला मी माझी ओळख सांगितली नाही. नियम सर्वांना सारखा आहे, एवढेच सांगितले.

गडहिंग्लजची_सून

दादा, तुमचा प्रतिसाद मी ह्यांना पाठवला आहे. त्यांची पंधरा वर्षे पुढच्या वर्षी पूर्ण होत आहेत आणि पुढे काय, हाच विषय आमच्याकडे रोज असतो. तुम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवले होते का? पुनर्नियुक्तीसाठी निवृत्तीच्या किती आधी हालचाल करावी?

रखवालदार

ताई, निवृत्तीच्या किमान वर्षभर आधी सुरुवात करायला सांगा. पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम सेवेतल्या शेवटच्या काळात करता येतात, ते सोडू नका. कार्यालयात नोंदणी आणि गट-क पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणे ही दोन कामे त्यांनी स्वतः करावीत.

खडकीकर

मी खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात अधूनमधून मदतीला जातो. हे केंद्र १९७४ पासून चालू आहे. तिथे मणक्याला इजा होऊन कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर लुळे पडलेले जवान राहतात. कोणी गोळी लागून आलेला आहे, कोणी डोंगरात गाडी दरीत कोसळून. लोक ‘बलिदान’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मृत्यू असतो. पंचविसाव्या वर्षी मान मोडून पुढची चाळीस वर्षे जगणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही. मानेखाली हालचाल नसलेला एक जण दातांत कुंचला धरून पावसाळी सह्याद्री रंगवत होता. मी त्याच्या शेजारी बसून रंग कालवून देत होतो, तेव्हा हिरव्यात निळा जास्त झाला म्हणून त्याने मला तीन वेळा बदलायला लावला.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीत पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये.

न्यूजर्सीकर

सक्तीच्या सेवेबद्दलचे माझे मत मी पूर्णपणे सोडलेले नाही, पण ज्या फाळणीवर ती उपाय म्हणून मी सुचवत होतो, तिच्यावर खडकीला जाऊन रंग कालवणे हा अधिक जवळचा उपाय आहे, हे मान्य करतो. पुढच्या भारतभेटीत तिथे जायचे असेल तर परवानगी लागते का?

खडकीकर

हो, आधी कळवावे लागते. खाऊ वाटून फोटो काढण्यासाठी येणारे पुष्कळ असतात, त्याऐवजी दोन-तीन तास बसून गप्पा मारायच्या तयारीने या.

नळस्टॉप

मूळ प्रश्नाकडे परत येतो. आमचे मत कशावरून बनते, हे मी वर लिहिले आहे. आता सुभेदारसाहेबांना उलट विचारतो. आमच्यासारख्या, ज्यांच्या घरात कोणी सैन्यात नाही, त्यांनी स्वतःच्या नावाने प्रश्न विचारायचे ठरवले, तर ते कोणाला आणि कोणते विचारावेत? खासदारांना पत्र लिहायची माझी तयारी आहे.

सुभेदार_कोरेगावकर

नळस्टॉप, याहून चांगला प्रश्न या धाग्यावर आलेला नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिली बाब अपंगत्व पेन्शनची. सेवेत असताना अपंग झालेला जवान न्यायाधिकरणात खटला जिंकतो आणि सरकार त्याच्याविरुद्ध वरच्या न्यायालयात जाते, असे वर्षानुवर्षे घडत आले आहे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी असे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिच्या शिफारशींपैकी कोणत्या अमलात आल्या आणि आज जवानांविरुद्ध किती अपिले प्रलंबित आहेत, हे खासदारांनी लेखी विचारावे.

दुसरी बाब अग्निवीरांची. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले, त्यामुळे २०२६ च्या अखेरीपासून मुले घरी यायला लागतील. ज्यांना राखीव जागा देऊ असे निरनिराळ्या खात्यांनी सांगितले, त्यांनी प्रत्यक्षात किती जागा काढल्या, हे आत्ताच विचारायला हवे. बीडच्या चिरंजीवांसारख्या मुलांना ते भरती होण्याआधी कळले पाहिजे.

तिसरी बाब माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीने चौकशी केली आणि तिचा अहवाल, काही मजकूर वगळून का होईना, २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्यांच्यावर ठपका येईल त्यांच्यापैकी आज कोणी हयात नसावे, आणि नामका चूला गेलेल्यांची मुलेही आता म्हातारी झाली आहेत. प्रत्येक लढाईनंतर, जिंकलेल्या असोत वा हरलेल्या, आपण कशासाठी गेलो, काय मिळाले आणि माणसे कुठे व का गेली याचा अहवाल ठराविक मुदतीत संसदेपुढे यावा, अशी मागणी नागरिकांनी केली पाहिजे. जाफन्यात गेलेल्या माझ्या सोबत्याच्या वडिलांना हेच हवे होते.

धावपटू_बीड

पत्रात दुसऱ्या बाबीखाली माझ्या तालुक्यातल्या मुलांच्या सह्या हव्या असतील तर आणून देतो. मैदानावर रोज भेटतातच.

नळस्टॉप

येत्या रविवारपर्यंत मसुदा तयार करून इथेच टाकतो. तिन्ही बाबी स्वतंत्र परिच्छेदांत लिहीन आणि प्रत्येकाने आपापल्या खासदारांना स्वतःच्या सहीने पाठवावा. दुरुस्त्या जरूर सुचवाव्यात.

मीनल_ठाणे

माहिती अधिकारात विचारता येतील असे प्रश्न मी वेगळे काढून देते. अपिलांची संख्या त्यातून मिळू शकेल.

गडहिंग्लजची_सून

पहिल्या बाबीत विधवांच्या कौटुंबिक पेन्शनच्या रखडलेल्या प्रकरणांचाही उल्लेख करावा, आमच्या वाडीतच दोन आहेत. सेवेत असल्यामुळे ह्यांना सही करता येणार नाही, पण माझी आणि सासूबाईंची धरा.